हमीपत्रावरची एकच सही

तुमच्या घरात चुलीवर काय चढणार, हे कोण ठरवतं?

घाईनं उत्तर देऊ नका. मीही गेल्या वर्षापर्यंत "आई ठरवते" असंच म्हटलं असतं, आणि ठासून म्हटलं असतं. ठासून बोलायची मला लहानपणापासूनची सवय आहे. माझ्या मामाचा तलासरीत छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, क्रिकेटच्या सामन्यांच्या जाहिराती आणि मोर्चांची पत्रकं तिथं छापली जायची. सुट्ट्या मी तिथंच काढल्या. मुळाक्षरं शाळेत गिरवली, पण वाचायला शिकले ती गुलाबी कागदावरच्या पत्रकांवर. पत्रकातलं वाक्य उभं राहून बोलतं, बसून बोलत नाही. मलाही तसंच बोलायची खोड लागली. "मीठ दे म्हणायचं असलं तरी घोषणा देते," अशी आईची तक्रार आहे.

आमचं घर डहाणूत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि माजी सैनिकांना मिळणाऱ्या गृहकर्जावर त्यांनी हे घर घेतलं. मी तेव्हा पहिलीत होते. तलासरीच्या पुढे आमचा पाडा, तिथं घर होतं, शेत होतं, पण माझी शाळा डहाणूत चांगली होईल असं बाबांच्या डोक्यात बसलं होतं. पेन्शन जमा व्हायची आणि त्याच दिवशी तिच्यातून हप्ता कापला जायचा. बाबा त्याला हप्ता म्हणत नसत, "ड्यूटी" म्हणत. "ड्यूटी गेली का आज?" असं विचारत. वीस वर्षांची ती ड्यूटी एकदाची संपली, आणि तोवर बाबांचे गुडघेही संपले. तीन मजले चढताना ते दर मजल्यावर थांबायचे आणि थांबलोय हे कळू नये म्हणून खिडकीतून बाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं बघत राहायचे.

"घर विकू," एके दिवशी ते म्हणाले. "पाड्यावर जाऊ. तिथं जिना नाही."

आई पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "विकायचं असेल तर गिऱ्हाईक माझ्याकडे आहे."

हे गिऱ्हाईक म्हणजे धाकट्या डहाणूची मासळीवाली मावशी. मी तिला बाजारात पाहिलं होतं. खाडीकाठच्या त्या गावातून ती रोज मासळी घेऊन बाजारात येते. तिच्या टोपल्यापाशी आई नेहमी थांबायची, बोलायची, आणि काहीही न घेता निघायची. मला त्याची गंमत वाटायची, कारण आमच्या घरात मासे शिजत नव्हते. बाबांनी महालक्ष्मीला नवस केलाय, असं मला सांगितलेलं होतं. पाड्यावर गेलो की बाबा सुकटाची चटणी भाकरीशी आवडीनं खायचे. लहानपणी मी विचारलं, "मग नवस?" आई म्हणाली, "तो डहाणूच्या घरापुरता आहे." देवीनं एवढा हिशेबी नवस कसा काय मान्य केला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. सगळ्या दुनियेला प्रश्न विचारणारी मी, घरातल्याच प्रश्नाला आंधळी होते.

मावशीचं घर खाडीला लागून आहे. मोठ्या उधाणाला पाणी ओट्यापर्यंत येतं. तिची मुलगी बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला लागली होती आणि तिला स्टेशनजवळ राहायचं होतं. मायलेकी मिळून कर्ज काढणार होत्या. आईनं मावशीला शब्द देऊन टाकला होता, आम्हाला न विचारता. बाबांनी त्यावर फक्त "ठीक" म्हटलं. पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला नंतर आठवलं.

विकायचं तर आधी घराचे मूळ कागद बँकेतून सोडवून आणायला हवेत. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले, मी सोबत. बँकेतल्या बाईंनी कपाटातून फाईल काढली, धूळ झटकली आणि वर लावलेली यादी बाबांसमोर ठेवली. "अकरा कागद आहेत काका. बघून सही करा."

बाबांनी खिशातली पेन्सिल काढली. फौजेत सामानाची तपासणी होते तशी त्यांनी कागदांची तपासणी सुरू केली. करारनामा. आहे. खूण. मुद्रांकाची पावती. आहे. खूण. सोसायटीचं पत्र. आहे. दहा कागद त्यांनी एकेक उचलून, पुढून-मागून पाहून ठेवले. अकरावा कागद त्यांनी उचलला, तसाच उलटा ठेवला आणि खूण केली.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"आहे."

"पण काय आहे?"

"आहे म्हटलं ना, बेटा."

जो माणूस दूधवाल्याच्या चिठ्ठीचीही मागची बाजू वाचतो, त्यानं एक कागद न वाचता सोडला होता. घरी येताना दुसऱ्या मजल्यावर बाबा खिडकीपाशी थांबले, तेव्हा फाईल माझ्या हातात होती. मी तो अकरावा कागद तिथंच, जिन्यात उभं राहून वाचला.

हमीपत्र. "मी, लिहून देणार, असे लिहून देतो की, सदर सदनिकेत मी अथवा माझे कुटुंबीय मांस, मच्छी, अंडी शिजवणार नाही, आणणार नाही व ठेवणार नाही. तसे आढळल्यास सोसायटी घेईल तो निर्णय मला मान्य राहील." खाली बाबांची सही. सहीखाली त्यांचा फौजेतला नंबर आणि हुद्दा.

मी त्या कागदाकडे बघत राहिले. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नेहमीप्रमाणे महत्त्वाचं काहीही चाललं नव्हतं.

"नवस?" मी म्हटलं.

ते वर चढायला लागले.

घरात पाऊल टाकल्याबरोबर माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते आज लिहायला लाज वाटते, पण लिहिते. तुम्ही सीमेवर उभे होतात आणि इथं सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर आडवे झालात, असं मी माझ्या बापाला म्हटलं. ते खुर्चीत सरळ बसून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "बँकेला सोसायटीचं पत्र हवं होतं. पत्राशिवाय कर्ज नव्हतं. तेव्हाचा सेक्रेटरी म्हणाला, हे लिहून द्या, मग पत्र देतो. मी लिहून दिलं. एकदा सही केली की पाळायचं."

"वीस वर्षं?"

"सहीला मुदत नसते."

आई मधे पडली. "तिला नवसाचं मी सांगितलं होतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू एवढी फणफणू नकोस. मी काही उपाशी नव्हते."

तेव्हा दुसरं गुपित बाहेर पडलं. दर आठवड्याला एका दुपारी आई बाजारात जायची आणि तिला तीन तास लागायचे. त्या दिवशी तिच्या हाताला लिंबाचा वास यायचा. मला वाटायचं, लिंबं आणली असतील. प्रत्यक्षात ती रिक्षात बसून धाकट्या डहाणूला जायची. मावशी बाजार आटपून आलेली असायची. दोघी मिळून मासे साफ करायच्या, कालवण करायच्या, जेवायच्या. निघताना आई लिंबाची फोड बोटांना चोळायची आणि पदराच्या गाठीतली बडीशेप तोंडात टाकायची. वीस वर्षं. एकाच घरात एक माणूस हुकूम पाळत होता आणि दुसरं माणूस दर आठवड्याला कुंपणावरून उडी मारत होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी बाबांना विचारलं.

"हमीपत्रात सदनिकेतलं लिहिलंय," बाबा म्हणाले. "धाकट्या डहाणूचं काही लिहिलेलं नाही."

आईला हसू आवरेना. मलाही आवरलं नाही, पण माझा राग त्यानं गेला नाही, फक्त त्याची दिशा बदलली.

आणि दिशा लगेच सापडली. मावशीच्या मुलीच्या बँकेनं कर्जासाठी आमच्या सोसायटीचं ना हरकत पत्र मागितलं. वीस वर्षांपूर्वी बाबा ज्या दारात उभे होते, त्याच दारात आता मावशी उभी होती.

सेक्रेटरीकाका आमच्या घरी आले. वाईट माणूस नाही. पाण्याची टाकी धुवायला स्वतः उभे राहतात, कुणाच्या घरी आजारपण असलं तर गाडी काढतात. सोफ्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि आईला म्हणाले, "बेन, तुम्ही समजून घ्या ने. तुमचं कसं, फौजी माणूस, शब्दाचे पक्के. तो मच्छीवालीचा विषय वेगळा आहे. तिच्या तर धंद्यातच वास आहे."

"ती मासळी बाजारात विकते, जिन्यात नाही," आई म्हणाली.

"तसं नाय बेन. मी दुसरी पार्टी आणतो. आपलीच माणसं आहेत, उद्या येऊन टोकन देतील. फौजीसाहेबांचे गुडघे बघा तुम्ही."

बाबांच्या गुडघ्यांचा असा वापर झालेला मला खपला नाही. मी तोंड उघडणार तोच आईनं मला हातानं थांबवलं. "तिच्या हातचं मी वीस वर्षं खाल्लंय," ती म्हणाली. "तुमच्या पार्टीनं मला पाणी तरी विचारलंय का?"

सेक्रेटरीकाकांना या वाक्यातलं अर्धंच कळलं असावं. ते चहा अर्धा ठेवून उठले. "पत्र नाय देता येणार. सोसायटीचा नियम आहे," असं दारातून म्हणाले.

संध्याकाळी मावशी आली. दारातच थांबली. आईनं आत ओढली तेव्हा म्हणाली, "राहू दे गो बाय. माझ्यापायी तुझं घर अडून नको राहू. भाऊंचे पाय दुखतात. त्या लोकांना दे. माझी खाडी मना काय नवीन नाय."

"शब्द दिलाय," आई म्हणाली.

"मी परत देते तुझा शब्द."

"दिलेला शब्द म्हणजे काय बोंबील आहे, नको असला तर परत टोपलीत टाकायला?"

मावशी हसली, पण डोळे पुसत हसली. आईला मी कधी रडताना पाहिलेलं नाही. त्या संध्याकाळी मावशी गेल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती. त्या ओट्यावर तिनं वीस वर्षं भाजी-आमटी केली होती. मला कळलं की घर कोणालाही विकता आलं असतं. पण मावशीला सोडून दुसऱ्या कोणाला विकलं, तर आई या घरातून हरून जाणार होती.

मी त्याच रात्री पत्रक लिहायला घेतलं आणि सकाळी मामाकडे गेले. छापखाना आता राहिला नाही, तिथं झेरॉक्सचं दुकान आहे. माझ्या मसुद्यात सहा मागण्या होत्या. पहिल्या परिच्छेदात संविधान होतं, दुसऱ्यात सैनिकांचं रक्त होतं, तिसऱ्यात सेक्रेटरीकाकांची लाज काढलेली होती. मामानं चष्मा लावून सगळं वाचलं.

"हे छापलं तर तुला टाळ्या मिळतील," तो म्हणाला. "मावशीला घर मिळणार नाही."

"का?"

"पत्रकात मागणी एकच असते. दुसरी लिहिलीस की समोरचा दुसरीचं उत्तर देतो, पहिलीचं देतच नाही. तुला काय हवंय, ते एका वाक्यात सांग."

मी पाऊण तास त्याच्या स्टुलावर बसून राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर मोर्चांची पत्रकं छापली, तो मला लाल पेन्सिलीनं वाक्यं खोडून दाखवत होता. संविधान गेलं. रक्त गेलं. सेक्रेटरीकाका गेले, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. शेवटी एवढंच उरलं:

"घरात मासे शिजवणाऱ्या माणसाला घर विकता येणार नाही, असा आपल्या सोसायटीचा नियम असेल, तर तो रविवारच्या सभेत लेखी दाखवावा. नसेल, तर ना हरकत पत्र द्यावं."

माळ्यावर जुना गुलाबी कागद पडून होता. मामानं त्यावरच काढून दिलं. पैसे घेतले नाहीत. "शेवटचं पत्रक आहे, तेवढं माझ्याकडून," म्हणाला.

मधल्या दिवसांत मी सोसायटीच्या छापील नियमांची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचली. पार्किंग होतं, पाणी होतं, गच्चीवर पापड वाळत घालण्याबद्दलही एक ओळ होती. माशाबद्दल काही नव्हतं. मग सोळा घरांच्या दारांखालून सोळा गुलाबी कागद सरकवले. तासाभरात सेक्रेटरीकाका खालून बाबांना ओरडून म्हणाले, "फौजीसाहेब, मुलीला जरा आवरा!"

बाबा गॅलरीत आले. "ती माझ्या कमांडमध्ये नाही," म्हणाले आणि आत गेले.

रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. एरवी सभेला पाच माणसं येतात. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. बाबा तीन मजले उतरून आले आणि पुढच्या रांगेत ताठ बसले. मी पत्रक वाचून दाखवलं. माझा आवाज मला वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही.

"नियम लेखी दाखवा," मी म्हटलं. "एवढंच म्हणणं आहे."

"आधीपासूनची पद्धत आहे," कोणीतरी मागून म्हणालं.

"पद्धत दाखवा लेखी."

"उद्या जिन्यात वास येईल त्याचं काय?" पहिल्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या टीचरबेन उठल्या. निवृत्त शिक्षिका, कांदा-लसूणही न खाणाऱ्या, अर्धी बिल्डिंग त्यांच्या हाताखाली पाढे शिकलेली. "तुमच्या स्कूटरच्या पेट्रोलचा वास मी रोज घेते," त्या म्हणाल्या. "त्याला मी कधी ना हरकत दिली होती? मी जन्मभर कांदा नाही खाल्ला. शेजारी खातात म्हणून माझा धर्म कधी बुडाला नाही. तुमचा एवढ्यानं बुडत असेल तर तो आधीच गळका आहे."

हशा झाला. सेक्रेटरीकाका हसले नाहीत. त्यांनी फाईल उघडली आणि मी ज्याची वाट पाहत होते, ज्याला घाबरत होते, तो कागद बाहेर काढला. हमीपत्राची दुसरी प्रत.

"लेखी पाहिजे ना? हे घ्या लेखी. ह्यांच्या वडिलांनी स्वतः लिहून दिलंय." त्यांनी सगळं मोठ्यानं वाचलं. मांस, मच्छी, अंडी. नंबर आणि हुद्द्यासकट. "वीस वर्षं त्यांना चाललं, आता विकायच्या वेळेला तत्त्व आठवलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, खरं तर सहा उत्तरं होती. पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठत होते. गुडघ्यांवर हात रोवून, सावकाश. पूर्ण उभे राहिले तेव्हा आपोआप सावधानमध्ये आले. त्यांनी हात पुढे केला. सेक्रेटरीकाकांनी कागद दिला. बाबांनी तो पुढून पाहिला. मागून पाहिला.

"मी बावीस वर्षं हुकूम पाळले," बाबा म्हणाले. "फौजेत हुकूम आला की खाली हुकूम देणाऱ्याची सही असते. नाव असतं, हुद्दा असतो. उद्या काही चुकलं तर जबाब त्याला द्यावा लागतो. या कागदावर सही फक्त माझी आहे. हुकूम देणाऱ्याची कुठे आहे?"

त्यांनी आपल्या सहीशेजारच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"तेव्हा मला घर हवं होतं. म्हणून मी पाहिलं नाही. ती माझी चूक. वीस वर्षं ती चूक माझ्या बायकोनं भरली." त्यांनी कागद सेक्रेटरीकाकांना परत दिला. "आता तुम्ही यावर सही करा. लिहा की हा सोसायटीचा हुकूम आहे आणि तो मी देतोय. मग आम्ही मावशीला नाही म्हणून सांगतो."

खिशातली पेन्सिल नव्हे, पेन काढून बाबांनी पुढे धरलं.

ते पेन किती वेळ हवेत होतं, मला सांगता येणार नाही. सेक्रेटरीकाकांनी कागदाकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि मागच्या रांगेत कोणी पुढे येतंय का तेही पाहिलं. पद्धत आहे म्हणणारे काका आपल्या मोबाइलमध्ये फार गुंतले होते. नियम सगळ्यांना हवा होता. त्याच्याखाली नाव मात्र कोणालाच नको होतं.

"मी कसा काय सही करणार?" सेक्रेटरीकाका शेवटी म्हणाले. "मी तर तेव्हा नव्हतोच."

"मग पत्र द्या," टीचरबेन म्हणाल्या.

पत्र द्यावं म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर आले नाहीत. तीन-चार जण चहाच्या निमित्तानं आधीच उठून गेले होते. पण जेवढे आले तेवढे पुरले, आणि वरून गॅलरीतून आईनंही हात वर केला होता. तिला मत नव्हतं, कारण घर बाबांच्या एकट्याच्या नावावर होतं. तरी मी तो मोजला.

पत्र चौथ्या दिवशी मिळालं. सेक्रेटरीकाका स्वतः घेऊन वर आले. दारातच म्हणाले, "तो कागद माझ्या आधीच्या सेक्रेटरीनं दिला होता. त्याला त्याच्या आधीच्यानं. मी फक्त चालू ठेवला." त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं, जणू त्यांनाही ते आत्ताच समजलं होतं. आईनं त्यांना चहा दिला. या वेळी त्यांनी पूर्ण प्यायला.

खरेदीखताच्या दिवशी आम्ही सगळे रजिस्ट्रार कचेरीत होतो. फोटो निघाले. मावशीचा अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना. एकदा, दोनदा, तीनदा. कारकून वैतागला.

"चाळीस वर्षं कोळंबी सोलली रे बाबा," मावशी म्हणाली. "अंगठ्यावर काय ठेवलंय त्या कोळंबीनं?"

कारकुनानं तिला हात धुवून यायला सांगितलं, मग दुसरं बोट ठेवायला सांगितलं. ते उमटलं. पडद्यावर हिरवी खूण आली आणि आई कचेरीत टाळ्या वाजवायला लागली. घोषणा देण्याची खोड मला मामाकडून आली असं मी समजत होते. तसं नसावं.

आम्ही सामान पाड्यावर नेलं. आठवड्यानं मावशीचं बोलावणं आलं: जेवायला या. बाबा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी थांबले, पण या वेळी बाहेर बघायचं नाटक केलं नाही. वरून ताज्या बोंबलांच्या कालवणाचा वास जिन्यात उतरत होता. पहिल्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं खरं होतं. वास येतो.

तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. बाबा उंबऱ्याबाहेर थांबले. "येऊ का?" त्यांनी विचारलं. स्वतःच वीस वर्षं फेडलेल्या घरात पाऊल टाकायला.

"या की भाऊ. तुमचंच घर हाय."

"नाही," बाबा म्हणाले. "आता तुमचं आहे. म्हणून तर आलो."

आई सरळ आत शिरली आणि ओट्यापाशी मावशीशेजारी उभी राहिली. तोच ओटा, तीच खिडकी. तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वाफ तोंडावर येऊ दिली. बाबा पानावर बसले. पहिला घास घेतला, काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, दुसरा घास घेतला. तिसऱ्या वेळी कालवण मागितलं तेव्हा आई म्हणाली, "अहो, गुडघ्यांना चालतं का एवढं?"

"गुडघ्यांनी कुठं लिहून दिलंय?" बाबा म्हणाले.

आम्ही हसत होतो तेवढ्यात दारात टीचरबेन आल्या. एका हातात ढोकळ्याची ताटली, दुसऱ्या हातानं पदर नाकाला. "मी आत नाही येत," त्या म्हणाल्या. "मला नाही सहन होत हा वास. पण अभिनंदन." ताटली उंबऱ्यावर ठेवून त्या हळूहळू खाली उतरल्या. मला वाटतं, त्या दिवशी त्या जिन्यात सगळ्यात ताठ मान त्यांचीच होती.

जेवण झाल्यावर आईनं नळाखाली हात धुतले. मावशीनं लिंबाची फोड पुढे केली. आईनं ती घेतली, पाहिली आणि परत ताटलीत ठेवली.

मामाचा नियम मी मोडणार नाही, म्हणून तुमच्याकडे माझी मागणी एकच आहे. आज तुमच्या घराची फाईल काढा आणि तिच्यातला शेवटचा कागद वाचा. त्यावर सही फक्त तुमची असेल, तर ज्यानं ती मागितली त्याच्या दारात जा, पेन पुढे धरा आणि म्हणा, "आता तुमची करा."